साड्यांच्या कप्प्यातली राणी

पत्र: आदरणीय बाई, मी यावल तालुक्यातल्या एका गावात राहतो. अकरावी सायन्सला आहे. जूनच्या शेवटी पहिला मोठा पाऊस झाला, त्या रात्री ओट्यावरच्या दिव्याखाली पंख गळालेली एक मोठी काळी मुंगी सापडली. मोबाईलवर बघून तिला काचेच्या नळीत ठेवली. आता तिची अकरा पिल्लं आहेत. ही पानं कापणारी मुंगी असावी. अंगणातल्या गुलाबाची पानं कोणीतरी गोल गोल कापून नेतं, आणि बांधावर मुंग्या हिरवं काहीतरी ओढत नेताना मी स्वतः पाहिल्यात. म्हणून मी त्यांना रोज गुलाबाच्या पानाचे तुकडे देतो. त्यावर पांढरी बुरशी धरली आहे, मध्ये मध्ये हिरवट. म्हणजे त्यांची शेती सुरू झाली ना? पानकापी मुंग्यांचं लहान वारूळ निरोगी कसं राहतं, तेही सांगा. पण त्या पान खात नाहीत, आणि परवापासून तीन मेल्या. त्या काडेपेटीत जपून ठेवल्यात. पाणी कमी पडू नये म्हणून सिरिंजने रोज चार थेंब सोडतो. कापूस घरचाच लावला आहे. नळी अंधारात राहावी म्हणून आईच्या साड्यांच्या कप्प्यात ठेवतो. टेलिग्रामवर एक जण खऱ्या पानकापी मुंगीची राणी अठरा हजारांत देतो म्हणतोय. केळीचे पैसे आले की बाबांकडे मागू का? ता. क. आई म्हणते, मी घरभर मुंग्यांचा खडू ओढते आणि तू मुंग्या पाळ!
– मुंगीवाला

मुंगीवाल्या,

पुढचं वाचण्याआधी उठ, आईचं कपाट उघड आणि नळी बाहेर काढ. साड्यांच्या कप्प्यात डांबरगोळ्या असणार. तू तसं लिहिलेलं नाहीस, पण पावसाळ्यात साड्यांच्या कप्प्यात डांबरगोळी नाही असं घर मी आपल्या भागात अजून पाहिलेलं नाही. ती गोळी तिथे किडे मारायलाच ठेवलेली असते. तिची वाफ कापसाच्या बोळ्यातून आरपार जाते, बंद कप्प्यात साठते, आणि तिला कसर कोण आणि तुझी राणी कोण हे कळत नाही. तिघी कशाने मेल्या हे नळी न बघता छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण माझा पहिला संशय या गोळीवर आहे.

नळी आता माठाच्या तिवईजवळ ठेव. तिथे गारवा असतो, ऊन येत नाही, आणि घरात सगळ्यात कमी आदळआपट तिथेच होते. अंधार हवा तर नळीभोवती काळा कागद गुंडाळ, त्यासाठी कपाट लागत नाही. देवघराजवळ नको, धूप आणि कापूर दोन्ही वाईट. डास मारायचं मशीन ज्या खोलीत लागतं ती खोलीही नको.

दुसरा गुन्हेगार कापूस. हे वाचून तुझे बाबा हसतील, पण घरचा कापूस पाणी पीत नाही. एक पेला पाण्याने भर. त्यात सरकी काढलेला शेतातला कापूस टाक आणि शेजारी मेडिकलमधून आणलेल्या कापसाचा बोळा टाक. मेडिकलचा बोळा बघता बघता भिजून खाली बसेल. तुमचा घरचा मात्र तसाच वर तरंगत राहील, कारण कापसाच्या धाग्यावर नैसर्गिक मेण असतं. दवाखान्याच्या कापसाचं ते मेण आधीच धुऊन काढलेलं असतं. तुझ्या नळीत मागे पाणी भरलेलं आहे, मध्ये तुमच्या शेतातला मेणचट कापूस, आणि पुढे बिचारी राणी. पाणी हाताच्या अंतरावर असून तिला ते मिळत नव्हतं. तुला नळी कोरडी दिसली, म्हणून तू सिरिंज काढलीस. काचेवर थेंब साचले, त्यात पान कुजलं, पानावर बुरशी आली. एवढी साधी साखळी आहे. शिवाय शेतातल्या कापसावर काय काय फवारलं गेलं असेल ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

नवी नळी अशी कर. काचेची नळी साध्या पाण्याने धू, साबण लावू नकोस. एक तृतीयांश भागात पाणी भर. मेडिकलच्या कापसाचा घट्ट बोळा पेन्सिलीच्या मागच्या टोकाने ढकलत पाण्यापर्यंत ने, इतका की बोळा ओला होईल पण पुढच्या बाजूला थेंब लोंबणार नाही. नळी आडवी धरून हलकेच हलवून बघ. पाणी झिरपून पुढे आलं तर बोळा सैल आहे, पुन्हा कर. हे जमलं की महिनोन्महिने सिरिंजला हात लावायची गरज नाही.

आता त्यांना जुन्या नळीतून नव्या नळीत न्यायचं. उलटी करून ठोकायची नाही! दोन्ही नळ्यांची तोंडं एकमेकांना भिडव आणि सांधा कागदी चिकटपट्टीने बंद कर. नवी नळी काळ्या कागदात गुंडाळ, जुनी उघडी ठेवून तिच्यावर टेबललॅम्पचा उजेड पडू दे. दिवा लांब ठेव, नाहीतर काच तापेल. आणि निघून जा. कधी तासात जातात, कधी तीन दिवस ढिम्म हलत नाहीत. हलल्या की बघण्यासारखं असतं: आधी एक कामकरी येऊन नवा बोळा मिशांनी चाचपते, पाणी पिते, परत जाते, मग एकेक जण तोंडात अळ्या धरून निघते, आणि राणी सगळ्यात शेवटी, जबरदस्तीने ओढत आणल्यासारखी.

आता काडेपेटी आण. तुझ्या मुंग्या कोण आहेत ते त्या तीन मेलेल्याच सांगतील. एकीला पांढऱ्या कागदावर आडवी ठेव आणि भिंगातून तिची कंबर बघ. छाती आणि पोट यांच्यामध्ये एकच उभा खवल्यासारखा उंचवटा दिसेल. पाठ बाजूने बघितली तर सलग कमानीसारखी, काटा एकही नाही. पानकापी मुंगीच्या कमरेला दोन गाठी असतात आणि पाठीवर काटे असतात, गुलाबाच्या देठावर असावेत तसे. तेव्हा तुझी राणी म्हणजे आपला घरचा मुंगळा आहे, कॅम्पोनोटस. मोठी, काळी, आणि पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री दिव्याखाली सापडलेली, म्हणजे बहुतेक कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, जो बाभळीच्या बुंध्याशी राहतो, माव्याचा गोड रस पितो आणि शाळेच्या ओट्यावर चड्डीत शिरला की पोरांना नाचवतो.

तोंड पाडू नकोस. तू पाहिलंस ते सगळं खरं आहे, फक्त ते तीन वेगवेगळ्या प्राण्यांचं काम आहे. गुलाबाच्या पानाच्या कडेला कंपासने काढल्यासारखे गोल काप पडतात ते पानकापी माशीचे. ही मधमाशीचीच नातलग, पण एकटी राहणारी. पानाचा तुकडा गुंडाळून ती पोकळ काडीत किंवा पाइपच्या तोंडात पिल्लांसाठी पुड्या करते. झाडाचं काही बिघडत नाही, तिला मारू नका. बांधावर हिरवं ओढणाऱ्या मुंग्या गवताचं बी गोळा करणाऱ्या असतात, तुसासकट बी नेतात म्हणून हिरवं दिसतं. आणि तिसरा प्राणी तुझ्या नळीत आहे.

पानं कापून बुरशी पिकवणाऱ्या खऱ्या मुंग्या, अट्टा आणि अ‍ॅक्रोमिरमेक्स, आपल्याकडे नाहीतच. भारतात नाहीत, आशियात नाहीत, आफ्रिकेतही नाहीत. अमेरिकेच्या टेक्सासपासून खाली अर्जेंटिनापर्यंत, एवढाच त्यांचा मुलूख.

तरीही तू विचारलंस की त्यांचं लहान वारूळ निरोगी कसं राहतं, आणि ते सांगायला मला आवडतं, म्हणून सांगते. एकोणिसाव्या शतकात बहुतेकांना वाटायचं की या मुंग्या पानं खातात, किंवा घर शाकारायला नेतात. निकाराग्वातल्या सोन्याच्या खाणीवर काम करणारा थॉमस बेल्ट नावाचा इंग्रज इंजिनिअर होता. त्याने त्यांची बिळं उकरून पाहिली आणि १८७४ मध्ये लिहिलं की पान हे त्यांचं खत आहे, खातात ती त्यावर वाढवलेली बुरशी. तुझ्या बाबांनी केळीला शेणखत घालावं तसं. पान चावून चावून त्याचा लगदा करायचा, बुरशीच्या बागेत खोचायचा, त्यावर बुरशीचा एक धागा आणून लावायचा. ती बुरशी धाग्यांच्या टोकाला फुगीर गाठी धरते, कोबीच्या गड्ड्यासारख्या, पण भिंगातून दिसतील एवढ्या. अळ्यांचं सगळं पोषण त्या गाठींवर. आणि ही बुरशी वाऱ्यावर येऊन पानावर बसत नाही. नवी राणी आईच्या घरातून उडते तेव्हा तोंडातल्या एका खिशात त्या बुरशीची चिमूटभर गोळी घेऊन निघते. आपल्याकडे सासरी जाताना विरजण नेतात ना, अगदी तसं. जमिनीत बीळ करून ती गोळी थुंकते, आपल्या विष्ठेच्या थेंबांनी तिला खत घालते, आणि स्वतः घातलेली बहुतेक अंडी स्वतःच खाऊन दिवस काढते. बागेला मात्र हात लावत नाही. विरजण मेलं तर सगळं संपलं.

म्हणून तुझ्या नळीतली पांढरी-हिरवी बुरशी ही शेती असूच शकत नाही. शिळ्या भाकरीवर येते तीच ती. खरी बाग करड्या-पांढऱ्या स्पंजासारखी असते, कोरडी दिसते पण आतून ओलसर, आणि त्या मुंग्या तिच्यात हिरवी बुरशी एक दिवसही टिकू देत नाहीत.

या मुंग्या सांभाळणारे लोक मुंग्या मोजत नाहीत, बाग बघतात. लहान वसाहतीत वीस-तीस कामकरी आणि पेढ्याएवढी बाग असते, तेव्हाच सगळ्यात जास्त वसाहती मरतात. बाग पिवळी-तपकिरी पडली, ओघळली, कडेने ढासळायला लागली की समजायचं काहीतरी चुकलं. बहुतेक वेळा पाणी. बागेच्या डबीत हवा दमट हवी, पावसाळी रात्रीसारखी, पण भिंतीवर थेंब ओघळता कामा नयेत. थेंब दिसले तर झाकण थोडं किलकिलं करायचं. उष्णता पंचवीस अंशांच्या आसपास. तीसच्या वर बाग आजारी पडायला लागते. आता तू यावलचा मे महिना आठव आणि मला सांग, पंचेचाळीस अंशांत, लाइट गेलेली आणि कूलर बंद, अशा दुपारी ती पेढ्याएवढी बाग कशी जगेल?

पान कोवळं, दिवसाला एखाद-दुसरं. न वापरलेलं दुसऱ्या दिवशी उचलायचं. आणि इथे तुमच्या भागाची खरी अडचण येते. केळीवर करप्यासाठी जे औषध मारता ते बुरशीनाशक असतं. या मुंग्यांची शेतीच बुरशीची. बांधावरचं एक फवारा उडालेलं पान आत गेलं की मुंग्यांना काही होत नाही, बाग मरते. गंमत म्हणजे हे त्यांना कळतं, पण उशिरा. बाग बिघडली की त्या जातीचं पान त्या पुढे कितीतरी आठवडे नाकारतात. पान चांगलं असलं तरी नाही म्हणजे नाही. तुमच्या घरात एकदा कडू निघालेल्या गिलक्याला जसा कोणी हात लावत नाही.

कचऱ्याचं त्यांचं शिस्तीचं प्रकरण आहे. बागेतला चोथा आणि मेलेल्या बहिणी नेऊन टाकायची जागा वेगळी. तिथे बहुतेक म्हाताऱ्या कामकरी काम करतात, कारण त्यांच्या मरण्याने फार नुकसान होत नाही, आणि तिथून परत आलेलीला बागेवाल्या हुसकून लावतात. कारण बागेवर पडणारी एस्कोव्होप्सिस नावाची एक परजीवी बुरशी असते, ती सगळं पीक बसवते. मुंग्या तिचे कण चाटून काढतात, लागलेला तुकडा उपटून फेकतात, आणि अ‍ॅक्रोमिरमेक्सच्या छातीवर तर पांढऱ्या पावडरीसारखे जिवाणू असतात, ते त्या रोगावर औषध तयार करतात. आपण प्रतिजैविकं शोधली त्याच्या कितीतरी आधीपासून त्या ती अंगावर वागवताहेत. म्हणून पाळणारे लोक कचऱ्याची डबी बागेपासून लांब, कोरडी ठेवतात आणि ती रिकामी करताना वापरलेला चिमटा बागेत घालत नाहीत.

हे सगळं वाचून अठरा हजारांचा मोह वाढला असेल तर आता ऐक. नको. परदेशातून जिवंत किडा आणायला वनस्पती संगरोध आदेश, २००३ प्रमाणे सरकारची परवानगी लागते. ती असलेला माणूस टेलिग्रामवर अकरावीच्या पोराला गाठत नाही. एक तर तो तुला दुसरीच मुंगी पाठवेल किंवा काहीच पाठवणार नाही, आणि पाठवली तर तो चोरटा माल असेल. २०२५ मध्ये केनियात दोन बेल्जियन पोरांकडे, तुझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठ्या, सुमारे पाच हजार राणी मुंग्या सापडल्या. अशाच नळ्यांत, अशाच कापसात. कोर्टाने दहा लाख शिलिंग दंड ठोठावला. आणि दंडाचं सोड, कॅरिबियनमधल्या ग्वाडेलूप बेटावर १९५४ मध्ये अ‍ॅक्रोमिरमेक्स पहिल्यांदा आढळली, बाहेरून आलेली. आजही ती तिथल्या शेतकऱ्यांच्या मागे लागलेली आहे. तिच्या माहेरात लिंबू-संत्र्याची झाडं एका रात्रीत बोडकी होतात. सातपुड्याच्या पायथ्याशी असलं काही सुटलं तर त्याचं खापर एका राणीवर फुटणार नाही, मुंगीवाल्यावर फुटेल.

तर मुंगळ्यांकडे येऊ. अकरा पिल्लं म्हणालास, ती पिल्लं नव्हेत. पूर्ण वाढलेल्या कामकरी आहेत, आणि पुढे या एवढ्याच राहणार. पहिली खेप नेहमी लहानखुरी निघते, कारण राणीने आठवडेच्या आठवडे काही न खाता, पंखांचे स्नायू विरघळवून त्यावर त्यांना वाढवलेलं असतं. नळीत तपकिरी, लांबट, तांदळाच्या दाण्यासारखे गोळे दिसत असतील, ते कोष. लोक त्यांनाच अंडी म्हणतात. खरी अंडी राणीच्या तोंडाजवळ एका चिकट गठ्ठ्यात असतात, मोहरीहूनही बारीक. कोषाच्या एका टोकाला काळा ठिपका दिसला की आत अळीची मुंगी होते आहे, हात लावू नकोस. बाहेर यायची वेळ झाली की बहिणीच कोष फाडून तिला ओढून काढतात, आणि ती निघते तेव्हा फिकी, कच्च्या काजूच्या रंगाची असते. काळी पडायला दिवस जातात. आजारी समजून घाबरू नकोस.

खाणं: पान अजिबात नको, ते म्हणजे गाढवापुढे वाचली गीता. एक चमचा साखर, चार चमचे पाणी, त्यातला एक बारीकसा थेंब प्लास्टिकच्या तुकड्यावर, आठवड्यातून दोनदा. गूळ नको, लवकर आंबतो. अळ्या वाढायला मात्र मांस लागतं. केळीवाल्याच्या घरात त्याची काय चिंता! काळ्या पडलेल्या सालीवर चिलटं घोंगावतात, ती बाटलीत धर आणि बाटली फ्रीजरमध्ये तासभर ठेव. तिथे ती जिवंत घोंगावत होती म्हणजे सालीवर फार औषध नाही, याची साक्ष तीच देतात. आठ जणींना एका वेळी एक चिलट पुरतं. चोवीस तासांत राहिलेलं काढून टाक. डास मारायच्या मशीनने मेलेला डास किंवा शेतातून आणलेला किडा कधीही देऊ नकोस.

बघायचं आठवड्यातून दोनदाच, खाणं देताना. हे सांगताना मला माझीच लाज वाटते. नोकरीच्या सुरुवातीला मीही एक राणी पाळली होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, खिडकीशी, आणि जो येईल त्याला नळी उचलून दाखवायची. पंधरा दिवसांत तिने स्वतःची सगळी अंडी खाल्ली. घाबरलेली राणी तेच करते. धोका आहे असं वाटलं की गुंतवणूक मोडून टाकते. मी मात्र बराच काळ तिलाच दोष देत होते.

वीस-पंचवीस झाल्या तरी नळीच ठेव. मोठं घर दिलं की त्या एका कोपऱ्यात कचरा साठवतात आणि तुला दिसत नाही. चाळीसच्या पुढे गेल्या की बांधकामाच्या साइटवरून सिपोरेक्सच्या विटेचा फुटका तुकडा माग, फुकट मिळतो. ती वीट चमच्यानेसुद्धा कोरता येते, पाणी शोषून धरते आणि वर काच बसवली की तयार घर. पहिल्या वर्षी एवढ्या झाल्या तरी पुष्कळ. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे थंडी चांगली पडते, तेव्हा राणी अंडी घालणं कमी करते, सगळ्या एका ढिगात बसून राहतात. भूकही मंदावते. मेल्यासारख्या दिसल्या तर हलवून बघू नकोस. मे महिन्यात उलट: माठाजवळ, धाब्याच्या घरात असाल तर सगळ्यात आतल्या खोलीत. ओलं फडकं नळीवर नको, नळीशेजारी ठेव. फ्रीजमध्ये तर चुकूनही नाही.

आणि शेती करणारा किडा बघायचाच असेल तर तुझ्या पायाखाली आहे. नागपंचमीला ज्या वारुळाची आई पूजा करते, ते मुंग्यांचं नव्हे, नागाचंही नव्हे. ते वाळवीचं. आपल्याकडची मोठी वारुळं बांधणारी वाळवी जमिनीखाली बुरशीची बाग लावते. कधी बांध सपाट करताना जेसीबीने वारूळ फोडलं तर आत बघ: अक्रोडाच्या गरासारखे वळ्यावळ्यांचे तपकिरी गोळे निघतील, आणि त्यावर खसखशीएवढे पांढरे दाणे. तेच पीक. पावसाळ्यात वारुळाशेजारी जी अळंबी उगवते ती त्याच बागेची. ओळखणारं माणूस बरोबर नसेल तर खाऊ नकोस. वाळवी मुंगीची कोणी लागत नाही, ती झुरळाच्या जवळची. अमेरिकेत मुंग्यांनी आणि आफ्रिकेत वाळवीने, एकमेकींना न विचारता, कोट्यवधी वर्षांपूर्वी हा एकच धंदा काढला. फक्त ती घरी आणून पाळू नकोस, दाराच्या चौकटी लाकडी आहेत. आणि अभयारण्याच्या हद्दीतून मुंगीसुद्धा उचलायची नाही, तो कायदा वेगळा.

अठरा हजार बाबांकडे मागू नकोस, दोनशे माग. त्यात चांगलं भिंग येतं. वही कर: तारीख, कामकरी किती, कोष किती, काय दिलं, किती मेल्या. मला पुढचं पत्र लिहिशील तेव्हा त्या वहीची तीन महिन्यांची पानं जोड, नुसतं "मेल्या" लिहून पाठवलंस तर उत्तर देणार नाही.

राहिली आई. दिवाळीची आवराआवर येते आहे, त्यात घराला रंग द्यायचा असेल तर नळी आठवडाभर काकांकडे ठेव. फटाक्यांच्या रात्री ती जमिनीवर नको, जाड घडी घातलेल्या गोधडीवर ठेव, हादरे कमी बसतात. नळी एका पसरट ताटलीत ठेवायची आणि ताटलीच्या कडेला आतून टाल्कम पावडर सॅनिटायझरमध्ये कालवून लावायची. वाळली की मुंगळ्याचे पाय तिच्यावर ठरत नाहीत. आईचा खडू त्या ताटलीपासून दोन हात लांब राहिला पाहिजे. तो तिच्या हातातून काढून घेऊ नकोस. ताटली कुठे ठेवली आहेस तेवढं तिला आजच दाखव, आणि नळी तिच्या साड्यांत होती हेही सांगून टाक.